तपकिरीची डबी

मोटारसायकल बंद केली. गोबीत उणे एकतीस.
तंबूच्या दारापासून सहा पावलांवर मी थांबले.

गोंचिगबाबांचा हात सवयीनं अंगरख्यात गेला:
तपकिरीची डबी. पाहुण्यानं हुंगायची, परत द्यायची.
नाकारली, तर आपण आलोच नव्हतो.

"बाबा, नवा आजार श्वासातनं येतो.
खोकल्याच्या दोन दिवस आधीच निघालेला असतो.
छताचं झाकण उघडं ठेवा."
"थंडी आत येईल."
"येऊ दे. तिला आपण ओळखतो."

बराच वेळ घोडाच काय तो फुरफुरला.
मग त्यांनी डबी बर्फावर ठेवली, आमच्या मधोमध,
झाकणासकट,
आणि मागे सरले.
मी वाकले. दुरूनच हुंगल्यासारखं केलं.

टेकडीवरून वळून पाहिलं:
छतातून ऊब वर चाललेली, वाया,
आणि डबी अजून तिथंच.