लाभ

माझे वडील खळ्यावर धान्य मोजताना
पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत.
लाभ, म्हणायचे. लाभ, मग दोन, मग तीन.
एक म्हटलं की रास तिथेच आटते म्हणे.

टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये
एझ्राकाका वाकरूळकर माणसं मोजत होते
तेव्हा मला खळं आठवलं.
त्यांच्यातही माणसाला सरळ आकडा लावत नाहीत.
एक नाही, दोन नाही, तीन नाही,
करत करत काका 'नऊ नाही'पर्यंत आले
आणि दाराकडे बघत राहिले.

मोझेलला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी.
एकाच स्टाफरूममध्ये आम्ही सव्वीस वर्षं डबे उघडले.
शनिवारचे तिचे तास मी घेतले,
हरतालिकेला माझे तिने.
मुलगा अश्दोदला. त्यानं तिकडे म्हटलाही असेल कद्दीश,
पण काकांना तो इथे म्हणायचा होता,
जिथे त्यांचं लग्न लागलं त्या भिंतींना ऐकू जाईल असा.
त्याला दहा पुरुष लागतात.
"नवांचं देव ऐकत नाही असं नाही," काका म्हणाले,
"पण आपल्याला म्हणता येत नाही."

मी म्हटलं, मी आहे की.
ते हसले. "बाई, तू मोजणीत नाहीस."
त्यात लागण्यासारखं काही नव्हतं.
मोझेलही नसती.

दहावा वृंदावन सोसायटीत होता.
सॅम्सन पेझारकर, तिसरा मजला, लिफ्ट नाही,
दोन्ही गुडघे गेलेले.

मार्गशीर्षातला गुरुवार. घरी घट मांडलेला,
आरती राहिलेली, सकाळपासून पोटात नुसता चहा.
रिक्षा मिळाली ती नईमची.
राबोडीपाशी मगरीबची अजान सुरू झाली.
त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.
थांब हवं तर, मी म्हटलं.
"म्हातारबाबांना कशाला न्यायचंय?"
सांगितलं.
त्यानं ब्रेकवरचा पाय काढला.
"माझी राहिली तर मी एकटा नंतर पढीन.
त्यांची नऊ जणांची अडलीय."

पालखीबिलखी म्हणू नका.
पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती, एका पायाला तडा.
पुढून नईम, मागून वॉचमन बिष्ट,
माझ्या एका हातात काठी, दुसऱ्यात त्यांची टोपी.
प्रत्येक वळणावर सॅम्सनकाका सांगत होते
की ते रेल्वेकडून कबड्डी खेळलेत.
कुणी विचारलं नव्हतं.

"दहा नाही," एझ्राकाका म्हणाले,
आणि दहा झाले.

त्या प्रार्थनेत मरण हा शब्दच नाही.
मोझेलनेच सांगितलं होतं, शाळेच्या मागच्या पायरीवर,
पेपर तपासता तपासता.
गेलेल्याचं नावही नाही. नुसती देवाची थोरवी,
ज्याचं माणूस गेलंय त्याच्या तोंडून.
मी तेव्हा म्हटलं होतं, हे जरा जास्तच होतंय.
ती म्हणाली, होतंच.

आतले सगळे पश्चिमेकडे तोंड करून.
अंगणाच्या कोपऱ्यात नईमनं रिक्षातलं रेक्झिन पसरलं,
तोही पश्चिमेकडेच.
मी त्या खुर्चीत बसले.
घरच्या लक्ष्मीचं तोंड कुठे, हे मनात आठवलं,
मग उगाच कुणाकडे पाठ नको
म्हणून खुर्ची थोडी तिरकी केली. तडा करकरला.

काकांचा आवाज दोनदा अडला.
तिसऱ्यांदा अडला तेव्हा पेझारकरांनी ओढून नेला,
कबड्डीतला दम होता तो.
मग सगळ्यांचं आमेन आलं, खिडकीतून, जाळीतून.
माझ्या तोंडून भलतंच निघालं.
लाभ.

नईम रेक्झिन झटकत होता.
"आता परत तीन मजले," तो म्हणाला.