टोक

लुनावर, दोन पायांत अंड्यांचा ट्रे धरून
खडकीच्या हॅचरीतून पाषाणपर्यंत
मी इतक्या वेळा आले
की विद्यापीठ चौकातला हवालदार
सिग्नल नसतानाही हात दाखवायचा :
जा बाई, फुटतील.
त्या चौकात पूल बांधला, पूल पाडला,
मग मेट्रोसाठी खणलं.
अंडी मात्र आठव्या दिवशीच उघडायची असतात.

आठव्या दिवशी गर्भाच्या कण्यालगत
दोन्ही बाजूंना मण्यांएवढ्या गाठी दिसतात.
त्या चिमट्याने सोडवून घ्यायच्या.
चिमट्याचं टोक सुईहून बारीक,
धरलेला श्वास त्याहून.
डिशमध्ये ठेवल्या की रात्रीतून धागे फुटतात
आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक पंजा,
पंजा म्हणजे काय,
वीज गेल्यावर भिंतीवर मेणबत्तीचा कोनाडा
शोधणारी बोटं.

ते वाढतं कसं हे पुष्कळांनी विचारलं होतं.
मी विचारलं, थांबतं कसं.

एकतीस वर्षं. एक प्रथिन.
त्याच्या नावात तीन अक्षरं आणि एक आकडा.
आईने ते पाठ करून ठेवलं होतं,
हळदीकुंकवाला कुणी विचारलंच
मुलगी काय करते, तर सांगायला.
आकडा ती दर वेळी चुकवायची.

एका वर्षी माझंच उत्तर
जर्मनीतून सहा आठवडे आधी छापून आलं.
आकृती तीनमध्ये तोच धागा, तोच थांबा,
आमच्यापेक्षा चांगला फोटो.
मी पाषाण तलावावर जाऊन
जलपर्णी बघत बसले अंधार पडेपर्यंत.
घरी येऊन भरली वांगी केली. तिखट झाली.
कुणी काही बोललं नाही.

पुढे बुरशीचा उन्हाळा आला, अनुदान नसलेली दोन वर्षं आली,
दर रविवारी पेशींना खायला घालायला येणं आलं,
कारण पेशींना रविवार नसतो.
विद्यार्थी आले, गेले.
एक बॉस्टनला. एक बाणेरला, फ्लॅट विकतो,
दिवाळीला अजून मिठाई पाठवतो.

आणि पहिल्या दिवसापासून
सूसहून सायकलवर येणारे बबन चांदेरे.
माझी सगळी काच त्यांनी धुतली :
तीनदा साध्या पाण्याने, तीनदा डिस्टिल्डने,
मग उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून.
त्यांनी धुतलेल्या काचेवर
धागे सरळ वाढायचे. हे मी कुठल्याच
पेपरात लिहिलं नाही. शेवटी, आभारात,
त्यांचं नाव एकदा छापलं, तेही 'चंदेरे' असं.

गेल्या मंगळवारी बबनराव व्हरांड्यातून चालले होते
आणि त्यांची एक चप्पल मागे राहिली होती.
पंधरावीस पावलं. फरशी गार.
मी हाक मारली.
त्यांनी वळून चपलेकडे पाहिलं,
मग पायाकडे, शेजाऱ्याच्या पोराकडे बघावं तसं.

साखर हाय ना, म्हणाले. पायाला कळत न्हाई आताशा.
आणि मग, पाना-पेचकस मागावा इतक्या सहज :
तुमच्याकडं काय हाय का बाई यावर?

मी म्हणाले, डिशमध्ये परत वाढतात.
कोंबडीच्या पिल्लाच्या. आठव्या दिवसाच्या.

व्हय, म्हणाले, डिशी मीच धुतो की.

पुढच्या महिन्यात माझा निरोप समारंभ आहे.
शाल, नारळ, आणि चाळीस स्लाइड्स
ज्यात ते टोक चालत येतं, चाचपतं, थांबतं.
मी ते अगदी नीट समजावून सांगू शकते.

चप्पल मी त्यांच्या पायाशी नेऊन ठेवली.
अंगठा पट्ट्यात जाईना.
ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, म्हणत ते भिंत धरून उभे
आणि मी उकिडवी बसून,
चिमटा धरायच्या दोन बोटांनी,
तो अंगठा आत सरकवला.

कळतंय का, विचारलं.

दिसतंय, म्हणाले.