निर्मनुष्य

एप्रिलमध्ये हिप्परग्याचं तळं
काठापासून दोनशे पावलं मागं सरतं
आणि उघड्या चिखलात टिलवे चरतात.
चिमणीएवढे, मातीच्याच रंगाचे,
चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी
खाली वर, खाली वर.

गज्जम मास्तर मोजतात.
चाळीस वर्षं जॅकार्डवर काढली,
कान गेले, डोळे राहिले.
वीस झाले की एक बोट मिटतात,
कारखान्यात टॉवेलांच्या थप्प्या मोजायचे तसे.
"पिट्टलू," म्हणतात, "तीनशे चाळीस. काल जास्त होते."

निघाले आता, मी सांगतो, उत्तरेला.
(मोठ्यानं बोलून उपयोग नाही. ते ओठ वाचतात.)
पार वर, जिथं नकाशा छापणाराही शाई वाचवतो,
तिथं बेटं आहेत.
झाड म्हणाल तर करंगळीएवढी वाळुंज, जमिनीला चिकटलेली.
नद्यांनी आणून टाकलेले ओंडके किनाऱ्यावर
वर्षानुवर्षं तसेच, चुलीत घालायला कुणी नाही.
जूनमध्ये सूर्य मावळत नाही.
"म्हणजे रातपाळी नाही," मास्तर म्हणतात.

शेवाळात छातीनं दाबून केलेला खळगा.
त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत,
भाकरीचे चार चतकोर पुन्हा जुळवून ठेवावे तशी.
डास इतके की हवेला करडं सूत सुटतं.
कोल्हा येतो. कधी पांढरं अस्वल येतं,
अंडी खातं, जातं.
माणूस? एकही नाही.
पुस्तकात लिहिलंय, निर्मनुष्य बेटं.

मास्तर माझ्या ओठांकडं बघत राहिले,
मी थांबलो तरी.
मग म्हणाले,
"आमच्या गल्लीत या की दुपारी बारा ते चार.
कुत्रं दिसणार नाही.
अन् प्रत्येक दाराआड सूप मांडीवर घेऊन
बायका विड्या वळत बसलेल्या."

मे. चव्वेचाळीस अंश.
तळं आणखी मागं, टिलवे नाहीत.
चिखल वाळून त्याचे पापुद्रे सुटलेत,
वर पावलांचे बारीक ठसे.
मास्तर उकिडवे बसून एक पापुद्रा उचलतात,
उन्हाकडं धरतात, जॅकार्डचं कार्ड धरावं तसा.
भोकं आरपार नाहीत.
"जन्मभर मोर काढले चादरीत.
हे लावलं तर काय उतरेल, काय की."

बोटानं चाचपताना तो मोडला.
दोन्ही तुकडे त्यांनी रुमालात बांधले.
घरी नेऊन काय करणार, मी विचारलं.
त्यांचं लक्ष माझ्या ओठांकडं नव्हतं.