सातवी बाटली

फेब्रुवारीत सावळजच्या शेडवर
जाळ्यांवर मणी पसरलेले असतात
आणि हा घरात, फ्रिजसमोर,
तळहाताएवढ्या काट्यावर ग्लिसरीन तोलत बसतो.
सिरिंज जनावरांच्या दवाखान्यासमोरच्या मेडिकलमधली.
वास पुण्याहून, कुणाकुणाच्या ओळखीनं आलेले :
वेलदोडा, जांभूळ, आणि एक नुसताच ‘थंड’.
बंदी आल्यापासून तयार बाटली मिळत नाही,
मिळाली तर तिप्पट दाम, भरवसा काही नाही.
म्हणून घरचं.
लोणचं घरचं, चटणी घरची, आता धूरसुद्धा घरचा,
मी म्हटलं.
सन्मती हसला नाही. थेंब मोजत होता.

सात बाटल्या. चिकटपट्टीवर तारीख,
आणि निकोटिनचा आकडा,
जो दर खेपेला कमी करणार असतो
आणि दर खेपेला तोच असतो.
“एकवीस दिवस अंधारात,” म्हणाला,
“रोज हलवायचं. मधनंमधनं झाकण काढून
श्वास घेऊ द्यायचा.”
कुणाला, ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी त्यानं एक ओढलीच.
तोंड वाकडं. केसाच्या तेलासारखं लागतंय, म्हणे.
वेलदोडा एकीकडं, गोडी दुसरीकडं,
एकाच खोलीत उतरवलेल्या
दोन्हीकडच्या पाव्हण्यांसारखी.
मग पातेल्यात पाणी तापवून
बाटल्या त्यात उभ्या केल्या,
लवकर मुरतील म्हणून.

तिथं मला राहवलं नाही.
सोळा वर्षं मी बेदाणा निवडतेय.
उन्हात टाकलेला मणी आधी सुकतो खरा,
पण काळा पडतो.
सावलीला आणि वाऱ्याला पंधरा दिवस दिले
तरच तो हिरवा राहून गोड होतो.
हे त्याच्या वडिलांनी मला शिकवलं, त्याला नाही.
तो तेव्हा स्टँडमागं सिगरेट पीत उभा असायचा.

बाटल्या पुसल्या. चपलांच्या खोक्यात घातल्या.
शेडवर, गंधकाच्या धुरीपासून लांब,
रिकाम्या क्रेटांच्या मागं ठेवल्या,
आणि कुठं ते सांगितलं नाही.

माणूस मांजरासारखा फिरला.
डबे उघडले. गव्हाच्या पिंपात
कोपरापर्यंत हात घातला.
खिशातनं बेदाणे काढून चघळत राहिला,
निवडणाऱ्या बायका म्हणाल्या,
मालक, व्यापाऱ्याला काय ठेवताय का नाही?
एकदा माझ्यावर ओरडला.
एकदा, ओरडून झाल्यावर, उगाच भांडी घासली.

मी रात्री बॅटरी घेऊन जायची.
एकेक हलवायची, झाकण फिरवून हुंगायची.
नवव्या दिवशी तेल गेलं.
तेराव्या दिवशी वेलदोडा आत शिरला,
म्हणजे वेगळा ओळखू येईना.
सतराव्याला, पाण्यासारखं होतं ते
कोऱ्या चहाच्या रंगावर आलं,
आणि मी, जिला या धुराचा तिटकारा,
खोकं मांडीवर घेऊन बसून राहिले
डास चावेपर्यंत.

एकविसाव्या दिवशी दिलं.
शेडच्या पायरीवर बसून त्यानं ओढलं.
ढग जाळ्यांमधनं वर गेला, मजल्यामजल्याला अडत.
“मुरलंय,” म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
“तू हलवत होतीस?”
“रोज.”
त्यानं माझ्याकडं असं बघितलं
जसं मालाचा भाव ऐकून बघतो,
खरा वाटत नाही आणि मोडवतही नाही.

मग मोजल्या. सहा.
एक त्या दिवशी पातेल्यात तडकली, मी सांगितलं.

सातवी माझ्याकडं आहे,
साड्यांच्या खाली, तारखेसकट.
पालथी केली की बुडबुडा तळातनं सुटतो
आणि वर पोचायला इतका वेळ घेतो
की तेवढ्यात मी एकदा दाराकडं बघून घेते.
मला ती ओढायची नाही.
त्याला द्यायची का, ते ठरलेलं नाही.
छाटणीपर्यंत ठेवून बघणार आहे
रंग कुठवर उतरतो.