गळतीची मर्यादा

वेर्ण्याच्या वसाहतीत, आमच्या तिसऱ्या शेडमध्ये
एक झडप होती, पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी.
म्हणजे कागदावर.
खाऱ्या टाकीत सोडली की
एकविसाव्या दिवशी चिकटायची,
बाविसाव्या दिवशी मला बैठकीचं बोलावणं.

दोन वर्षं. चार तऱ्हेचं रबर. एक जर्मन लेप,
ज्याच्या रिकाम्या डब्यावर मी अजून पाय ठेवून बसते.

मग साहेब पुण्याहून नवा शब्द घेऊन आले :
ओपन इनोव्हेशन.
म्हणाले, शहाणपण काय आपल्याच कंपाउंडात पिकतं?
बरोबरच होतं ते.
आम्ही प्रश्न जगापुढे ठेवला, बक्षीस लावलं, मुदत घातली.
उत्तरं आली एकशे सहा.
कोइमतूरच्या मुलीनं माशाच्या कातडीचं गणित पाठवलं,
नॉर्वेतल्या एका निवृत्तानं बोटीचे फोटो,
आणि कुत्र्याचे.
एकानं मंत्र.
मी सगळी वाचली. सात करून पाहिली.
एकविसावा दिवस जागचा हलला नाही.

तेव्हा टूलरूममधला रुझार,
नऊ वर्षं आमच्याच हजेरीपटावर,
लेथ पुसता पुसता म्हणाला,
"बाय, माझ्या तियूचं मानस बघितलंय कधी?"

आधी का नाही बोललास?
त्यानं नुसतं सूचनापेटीकडे पाहिलं.
कुलूप गंजून पेटीशी एकजीव झालं होतं.

कुठ्ठाळीचं खाजन. बांधाच्या पोटात मानस.
मनाचं नव्हे, पाण्याचं :
माट्टीच्या लाकडाची दारं,
भरती आली की आपली आपण मिटणारी,
ओहोटीला उघडणारी.
आत कोरगुटाचं भात, बाहेर जुवारी.
कायतान तियू गुडघाभर चिखलात.
मी बांधावर लॅपटॉप उघडला, उन्हात काही दिसेना.

"तुमचें दार कितलें गळटा?"
शून्य, मी म्हणाले. जरा अभिमानानंच.
"तेंच तें. थोडें गळूंक जाय.
गळना जाल्यार तें दार न्हय, ती भिंत.
आनी भिंतीक कालवां बसतात."

नखाएवढी फट. दार किंचित तिरपं.
इतकंच.
सत्तराव्या दिवशीही झडप टाकीत टकटकत होती,
रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणाला, झोप येत नाही.

मग कागद आले.
कायतानला वेंडर कोड मिळेना.
जीएसटी नाही, ईमेल नाही.
शेवटी लेखा विभागानं त्याला किरकोळ खर्चात बसवला,
पेट्रोल आणि बिस्किटांच्या मधे.
पेटंटच्या अर्जावर तीन नावं. दुसरं माझं.
मी हरकत घेतली होती, असं सांगायला आवडलं असतं.

गुप्ततेचा करार, अकरा पानी,
मी त्याला कोकणीत वाचून दाखवला, जमेल तसा.
तियूनं शेवटपर्यंत ऐकला.
"म्हणजे हें कोणाक सांगपाचें न्हय?
वयल्या मानसार आसता त्या जुझेक लेगीत?
ताणेंच म्हाका शिकयलें."

सही केली नाही. रागावलाही नाही,
जाताना पिशवीभर सुंगटं दिली.
फक्त म्हणाला, झडपेचं पुढे काय होतं
ते येऊन सांग, दिवसागणिक.
त्याच्या वरच्या दाराची बिजागरी हल्ली कुरकुरते.

चाचणीचे आकडे कंपनीबाहेर नेता येत नाहीत.
गेटवर शिपाई पिशवी उघडून बघतो :
लॅपटॉप, डबा, छत्री.

रविवारी ओहोटी साडेदहाची होती.
मी चपला काढून बांधावर बसले
आणि पहिल्या दिवसापासून म्हणायला लागले,
लहानपणी पाढे म्हणायचे तशी, डोळे मिटून.
कायतान कोळशानं खांबावर रेघा ओढत होता.
एकविसाव्या रेघेवर थांबला.
"हांगा कितें जालें?"

मी सांगितलं.