आडवा फोटो

ग्रिप कंपनीची नाही.
सीताबर्डीत, दुसऱ्या माळ्यावर, जयस्वालकडे घेतली.
बावीसशे म्हणत होता, सतराशेत दिली.
"ओरिजिनल नाही भाऊ, पण चालते."
म्हटलं, चालते तर चालते,
मीही तसाच चालून राहिलो.

लोकांना वाटते, दोन बॅटऱ्यांसाठी घेतली.
तेही आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत
खिसे चाचपावे लागत नाहीत.
दोघींतली कोणती आधी संपवायची
ते कॅमेरा ठरवतो, मला विचारत नाही.
पण खरं कारण खांदा.
व्हरायटी चौकात स्कूटर घसरली, तेव्हापासून
उजवं कोपर कानाच्या वर जात नाही.
अन् उभा फोटो काढायचा तर कॅमेरा उभा धरावा लागते,
कोपर आभाळाकडे,
मागच्या बाकावरच्या पोरानं हात वर करावा
अन् मास्तरनं पाहूच नये, तसं.
ग्रिपला खाली दुसरं बटन असते.
कोपर बरगडीशी राहते, फोटो उभा निघते.
कोणाला कळत नाही.

ती बसवायची तर आधी
कॅमेऱ्याच्या बॅटरीचं दार काढावं लागते.
इवलंसं. अंगठ्याएवढं.
खिळी सरकवली की टक् करून हातात येते.
ते हरवू नये म्हणून ग्रिपच्याच पोटात
त्याच्या मापाची खोबण आहे.
ज्यानं हे योजलं त्याला एकदा
तर्री-पोहा खाऊ घालावा वाटते.
कोणाचं दार काढून घेण्याआधी
ते ठेवायची जागा करणारा माणूस.

दीक्षाभूमीवर त्या रात्री रांग होती.
तीस रुपये, जागेवर प्रिंट.
प्रज्वल प्रिंटरवर, मी कॅमेऱ्यावर.
सगळ्यांना उभाच फोटो पाहिजे:
डोक्यापासून नव्या चपलेपर्यंत,
छातीशी आताच घेतलेलं पुस्तक,
मागं घुमट.

साडेबाराला स्क्रीन काळा पडला.
एका बॅटरीत चौसष्ट टक्के, दुसरी तर भरलेली,
पण मधली पिन हलली होती.
फुंकलं. शर्टाच्या टोकानं पुसलं.
प्रज्वल म्हणे, "थापड मारून पाहा ना काका."
मारली.
नाही.

मग चाक फिरवून ग्रिप उतरवली,
चार वर्षांनी खोबणीतून दार काढलं,
एक बॅटरी आत, वर दार. टक्.
कॅमेरा हातात एवढासा झाला,
भिजलेल्या मांजरासारखा.

समोर सिंदेवाहीच्या सहा जणी, पांढऱ्या साड्यांत.
कोपर उचललं, अर्ध्यातच खांद्यानं चावा घेतला.
पुन्हा उचललं.
मधली म्हातारी पाहून राहिली होती.
(अनसूयाबाई रायपुरे. नाव नंतर पाकिटावर लिहिलं.)
"हात दुखून रायला का रे तुहा?"
इतक्या गर्दीत खोटं बोलायचंही सुचलं नाही.
ती मागं वळली. "बसा वं साऱ्या."
"अवं, उभा काढाचा हाये ना?"
"उभ्यानंच तर आलो गाडीत. बसा."

बसल्या.
मातीवर, गुडघ्याला गुडघा लावून, पदर सावरत.
शेजारची एक पोरगी घुसून बसली,
तिला कोणी उठवलं नाही.
मी कॅमेरा आडवा धरला. कोपर आपल्या जागी.
अन् मागचा घुमट
या टोकापासून त्या टोकापर्यंत
पहिल्यांदा अख्खा आत आला.
इतकी वर्षं मी त्याला दोन्ही बाजूंनी
छाटत होतो.
तो तर पहिल्यापासून आडवाच होता.

प्रिंट पाहून एक जण कुरकुरली,
"माया नव्या चपला नाही आल्या."
अनसूयाबाई म्हणाली, "पायात हायेत ना?
मंग."

सकाळी खोडरबरानं पिना घासल्या.
सुरू झाली. जयस्वाल खोटं बोलला नव्हता.
दार परत खोबणीत ठेवलं,
ठेवून पुन्हा एकदा पाहिलं.
शुक्रवारी उमरेड रोडला लग्न आहे.
नवरदेव, म्हणतात, सहा फूट दोन इंच.