दुसऱ्या गेटचा नकाशा

यादीत फाईल दिसते.
उघडायला गेलं की सर्व्हर म्हणतो, अशी फाईल नाही.
परशराम अण्णा तीनदा टिचकी मारतात,
मग चष्मा काढून पुसतात, जणू चूक काचेची आहे.
"दिसत्येय की गं इथं.
मग हुडकायला काय धाड भरलीय ह्याला?"

टिळकवाडीत, रेल्वेच्या दुसऱ्या गेटपासून सहावं दुकान.
लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, मराठी-कन्नड दोन्हीत.
कार्यालय कुठलंही असो, मागच्या पानावर नकाशा एकच:
रूळ, गेट, पिंपळ, एक बाण.
त्या फाईलचं नावच 'दुसऱ्या गेटचा नकाशा'.
परवा सकाळपासून ती आहे
आणि नाही.

सर्व्हर फुकटातला, म्हणजे सगळ्यांचा.
अण्णांच्या माळ्यावरच्या जुन्या डब्यात तो मीच बसवला,
तेव्हा निस्तरायचंही मीच.

रात्री कोड उघडला.
अकरा हजार ओळी, वीस वर्षांतले कितीतरी हात.
एकानं लिहून ठेवलंय: इथे हात लावू नका,
चालतंय, का चालतंय माहीत नाही.
त्याखाली दुसऱ्यानं: मलाही नाही.
एक फंक्शन तर कुणीच बोलावत नाही
तरी दर आवृत्तीत हजर,
लग्नाच्या प्रत्येक फोटोत असलेल्या त्या पाहुण्यासारखं,
जो मुलाकडचा की मुलीकडचा
हे शेवटपर्यंत कुणी विचारत नाही.

बाइट मोजत बसले.
दुसऱ्या. पडद्यावर एकच शब्द.
आत मात्र दोन.
अण्णांच्या संगणकावरून तो र अखंड येतो,
कोट्रेशच्या लॅपटॉपवरून र वेगळा, खालचा ठिपका वेगळा.
डोळ्यांना सारखे, सर्व्हरला परके.
सर्व्हर वाचत नाही, आकडे पडताळतो,
नाक्यावरच्या त्या शिपायासारखा
जो रोज रामराम घेतो
आणि तरी कागदावरची वेलांटी तपासतो.

कोट्रेशचं नावही कन्नडात असंच उसवलेलं.
'को'चा एक तुकडा अलीकडे, एक पलीकडे,
म्हणून त्याचे फोल्डर दोन.
"मग पगारही दोन द्या की," तो म्हणाला.
अण्णा हसले नाहीत.

साडेअकराला लाईट गेली.
यूपीएस टीं टीं करू लागला. गेटची घंटा वाजली,
मालगाडी इतका वेळ जात राहिली
की मला डब्यांची संख्याही पडताळाविशी वाटली.

दुरुस्ती सात ओळींची:
तुलनेआधी दोन्ही नावं एका रूपात आणायची.
कुठलं रूप खरं, हा वाद मी घातला नाही.
इथे तसले वाद पुरेसे आहेत.
साफसफाई मोठी. दोनशे चौदा ओळी काढल्या,
तो पाहुणाही घरी पाठवला.
'हात लावू नका' तेवढं
पुसताना जरा थांबले.

टांपेऱ्याहून युक्काचं उत्तर आलं:
एक्केचाळिसाव्या ओळीच्या शेवटी रिकामी जागा आहे, काढ.
चाचणी जोड.
आणि चाचणीतले हे दोन शब्द
मला तर सारखेच दिसतात?
मी लिहिलं, हाच बग आहे.
दोन दिवस काही नाही. मग एक शब्द: घेतलं.
बदलांच्या नोंदीत आता कुठेतरी
तेजस्विनी मुतगेकर, सात अधिक, दोनशे चौदा उणे.

आज दुकानात अण्णांनी टिचकी मारली,
एकदाच. नकाशा उघडला.
रूळ, गेट, बाण.
अण्णा पडद्याजवळ वाकले.
"पिंपळ कुठला? तो गेल्या उन्हाळ्यात तोडला नव्हं का?"
कोट्रेशनं मान हलवली. "होय की."
दोघांनीही माझ्याकडे बघितलं.